दसऱ्याचं शून्य

पत्र इंदूरच्या कार्यालयातून आलं होतं आणि त्यात लीला महाजनांची स्तुती होती. त्यांना त्यातलं तेच सगळ्यात जास्त लागलं.

शिक्षकांच्या खोलीत मधली सुट्टी चालू होती. लीलाबाईंनी पाकीट फोडलं, एकदा वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग पुन्हा काढून वाचलं. दसऱ्याच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत केंद्रावरच्या स्वयंचलित यंत्रानं एकतीस मिलिमीटर पाऊस कळवला होता आणि निरीक्षकांची नोंद शून्य होती. 'आपल्या चौदा वर्षांच्या निर्दोष नोंदी पाहता दोष यंत्रातच असावा, असे या कार्यालयाचे मत आहे. तपासणीसाठी श्री. प्रभाकर तळेले येत आहेत. यंत्र ठेवावे की काढून आणावे, याचा निर्णय ते घेतील.'

"काय हो महाजन बाई, बक्षीस लागलं की काय?" समोर बसलेल्या चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

"नाही, कामाचं आहे," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

शाळेत त्या मुलींना विज्ञान शिकवत. हवामानाचं काम वेगळं, अर्धवेळचं. बऱ्हाणपूरच्या बाहेर, तापीच्या अंगाला एक सरकारी रोपवाटिका आहे. तिच्या कोपऱ्यात तारेच्या कुंपणात एक पांढरी झडपांची पेटी, पेटीत चार तापमापक आणि बाजूला पर्जन्यमापक, एवढंच ते केंद्र. लोधीपुऱ्यातल्या घरापासून सायकलवर वीस मिनिटं. सकाळी साडेआठला लीलाबाईंनी तिथे उभं राहायचं, आकडे वाचायचे, वहीत शाईनं लिहायचे आणि त्यांची तार पाठवायची. तारेची सोय घरातच होती. त्यांचे यजमान मधुकरराव तार-ऑफिसात होते.

चौदा वर्षांच्या त्या वह्यांत खाडाखोड नव्हती. दोन वेळा इंदूरचे अधिकारी आले, दोन्ही वेळा 'वही अशी असावी' असा शेरा मारून गेले. लीलाबाईंनी तो शेरा कुणाला दाखवला नाही, पण त्यांना तो तोंडपाठ होता.

यंत्र बसलं ते याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी. माणसाच्या उंचीच्या खांबावर एक कुलूपबंद पेटी, वर पावसासाठी नरसाळं, बाजूला दक्षिणेकडे, तापीच्या पलीकडच्या आभाळाकडे तोंड करून बसवलेला अँटेना. दर तासाला ते हवेचे आकडे आपणहून वर पाठवत असे आणि ते तिकडून दिल्लीला उतरत. वर म्हणजे देशाच्या उपग्रहाकडे, जो दोन वर्षांपूर्वी सोडला होता. गावात ज्यांच्याकडे टीव्ही आला होता त्यांना उपग्रह म्हणजे दिल्लीच्या बातम्या आणि क्रिकेट एवढंच ठाऊक. लीलाबाईंनी नववीच्या मुलींना फळ्यावर मोठं वर्तुळ काढून समजावलं होतं. छत्तीस हजार किलोमीटर उंच. पृथ्वी एक फेरा घेते तेवढ्यात तोही एक घेतो, म्हणून आपल्या डोक्यावरून कधी हलत नाही. टीव्हीचं चित्र, दूरचे टेलिफोन, ढगांचे फोटो, सगळं तो एका जागी राहून करतो. आणि जिथे माणूस पोचत नाही तिथल्या यंत्रांचं ऐकतो.

रोपवाटिकेचा चौकीदार सुकलाल याला मात्र वेगळीच काळजी होती.

"बाई, हे वरून पाह्यते का आपल्याले?"

"पाहत नाही, सुकलाल. हे यंत्र सांगतं ते फक्त ऐकतं."

"आन् यानं खोटं सांगतलं त?"

"त्याला खोटं सांगता येत नाही."

"तेवढी अक्कल नसंन दिली त्याले," सुकलाल म्हणाला. लीलाबाई हसल्या होत्या.

खोटं लिहायला लीलाबाई कधी बसल्या असं नाही. पहिल्या वेळी धाकट्याला गोवर आला होता. पोराला सोडून जाववेना. आदल्या दिवशीचा आकडा, परवाचा, वाऱ्याचा रोख, आभाळाचा रंग यांवरून त्यांनी किमान तापमान काढलं आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तेव्हा किमान-तापमापकातली, सगळ्यात खालच्या आकड्यावर अडकून राहणारी सळई अजून कुणी सरकवलेली नव्हती. त्यांच्या आकड्यात आणि त्यात अर्ध्या अंशाचा फरक निघाला. त्यांना तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटला तो अभिमान. पुढे कधी सासऱ्यांचं श्राद्ध, कधी पाहुणे, कधी सायकल पंक्चर. वर्षातून एखाद-दोनदा. हवा त्यांना इतकी पाठ झाली होती, की न गेल्यानं काही बिघडतं असं त्यांना वाटेनासं झालं.

यंत्र बसल्यावर त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. चुकवला तो दसरा. नणंदेच्या घरचे शाहपूरहून आदल्या रात्रीच आले होते. पहाटेपासून पुरण शिजत होतं. मधुकरराव अंघोळ करून, ऑफिसला निघायच्या तयारीत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"आज कशाला जातेस? काल इथे टिपूसही नव्हता. शून्य टाकतो तारेत."

"तापमान?"

"ते तुला कधी चुकलंय?"

त्यांनी हात पुसता पुसता दोन आकडे सांगितले आणि पाऊस शून्य. लोधीपुऱ्यात खरोखरच टिपूस नव्हता. संध्याकाळी वहीतही लिहून टाकलं. कुंपणाचं दार उघडण्याची गरज पडली नाही, कारण वही घरी होती.

एकादशीला सकाळी त्या नेहमीप्रमाणे गेल्या. पर्जन्यमापकाचं झाकण काढलं आणि बाटली उचलली, तर ती जड लागली.

नवमीच्या दुपारी पाऊस फक्त नदीच्या अंगाला पडून गेला होता. अशी एक सर कधी कधी येते, एक शेत भिजवते आणि शेजारचं कोरडं ठेवते. हे त्या मुलींना शिकवत असत. बाटली हातात धरून त्या उभ्या राहिल्या. वहीत आदल्या दिवसाचं शून्य शाईनं लिहिलेलं, तार दिल्लीला गेलेली. त्यांनी पाणी मोजपात्रात ओतलं. न मोजणं त्यांना जमलंच नसतं. तीस पूर्णांक सहा. पात्र डोळ्यांच्या रेषेत धरून पुन्हा वाचलं. मग चार पावलं चालून त्यांनी ते पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि बाटलीतलं उरलेलंही ओतलं.

वळल्या तेव्हा सुकलाल कुंपणाच्या दाराशी कुलूप हातात घेऊन उभा होता.

"कुलूप लावू का बाई?" तो म्हणाला.

पत्र आलं त्याच्या पाचव्या दिवशी तळेले आला. तिशीचा, बोलका, मूळचा जळगावकडचा. त्या दिवशी शाळा दुपारची होती. लीलाबाई सकाळीच केंद्रावर पोचल्या. रोपवाटिकेचे अधीक्षक खुर्ची टाकून बसले होते, सुकलाल हात बांधून बाजूला उभा होता.

"नमस्कार मॅडम. तुमची वही आमच्याकडे नवीन पोरांना नमुना म्हणून दाखवतात," तळेले म्हणाला. "मी आपला तारा आणि बॅटऱ्यांचा माणूस. हवेतलं मला तुमच्याइतकं कळत नाही."

त्यानं पेटी उघडली, मीटर लावलं, अर्धा तास इकडे तिकडे टोचून पाहिलं. मग शिडीवर चढून नरसाळ्यात डोकावला आणि दोन बोटांनी काहीतरी काढून खाली दाखवलं. झेंडूची वाळलेली पाकळी. नरसाळ्याच्या काठावर कुंकवाचा डाग होता.

"हे काय प्रकरण?"

"खंडेनवमीले पूजा केली साहेब," सुकलाल म्हणाला. "कुदळीची केली, पंपाची केली. म्हनलं, हे बी अवजारच व्हय."

"पाणी घातलंस यात?"

सुकलालनं जमिनीकडे पाहिलं. "लोटाभर घातलं. गलती झाली."

"पाऊस नव्हता ना त्या दिवशी इथे?"

"नव्हता साहेब."

रोपवाटिकेला सुट्टी होती. त्या दुपारी तिथे सुकलाल आणि त्याच्या बायकोशिवाय कुणी नव्हतं. लीलाबाईंचं डोकं आपोआप चालू झालं. नरसाळ्याचा व्यास वीस सेंटिमीटर, क्षेत्रफळ तीनशे चौदा, लोटा साधारण एक लिटरचा. एकतीस पूर्णांक आठ. तळेले अजून कागदावर भागाकार करत होता.

"आयला, बरोब्बर," तो म्हणाला. "मॅडम, पाहा, एकतीसच येतात. तुमचं शून्य शंभर टक्के."

लीलाबाईंनी कागद हातात घेतला. खाली दिल्लीहून आलेला तासवारीचा तक्ताही होता. दुपारी तीनला एकूण पाऊस शून्य, चारला एकोणीस, पाचला एकोणतीस, सहाला एकतीस.

"पाणी तीन तास कसं पडत राहिलं?" त्यांनी विचारलं. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

"पाकळी अडकली ना. हळूहळू झिरपलं असेल."

शेजारच्या रकान्यात तापमान होतं. तीनला तेहतीस पूर्णांक चार. चारला चोवीस. लोट्यानं पाणी ओतून रोपवाटिकेवरची हवा नऊ अंशांनी थंड होत नाही. नववीतल्या मुलीनंही ओळखलं असतं. त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं, उचललं, आणि कागद परत दिला.

"यंत्र चांगलं आहे," तळेले आवरता आवरता अधीक्षकांना म्हणाला. "माणूस बदला. सरकारी उपकरणात छेडछाड म्हणजे मला लिहावंच लागतं. हा इथे नको."

"मी कधीचा सांगतोय वर," अधीक्षक म्हणाले. "कोपऱ्यातली ती खोलीही मोकळी होईल. माझ्याकडे आहे एक माणूस."

सुकलाल एकोणीस वर्षं त्या खोलीत राहत होता. त्यानं लीलाबाईंकडे पाहिलं नाही, आणि न पाहण्याची ती काळजी त्यांना नीट दिसली. त्यांनी घड्याळ पाहिलं. शाळेला उशीर होईल असं म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. सायकल हातात धरून त्या फाटकापर्यंत चालत गेल्या.

तिसऱ्या तासाला त्या आठवीला पाण्याची घनता शिकवत होत्या, तेव्हा शिपायानं सांगितलं, कुणीतरी बाई भेटायला आली आहे. व्हरांड्यात सुकलालची बायको भागाबाई उभी होती. चपला हातात, डोक्यावर पदर.

"तुमाले एकच इचारते बाई आन् जाते," ती म्हणाली. "त्या मशिनीत आमी पानी टाकलंच नाही. मी सोता कुकू लावलं, एक फूल ठेवलं. लोटा पंपाजवळच व्हता. मंग हे कायले म्हनले टाकलं म्हनून?"

लीलाबाईंनी मागे वर्गाचं दार ओढून घेतलं.

"मी इचारलं त्याईले. त म्हने, बाईचं नाव खराब व्हईन. म्हने, त्याईनं बाटली निंबाखाली ओतली ते मी पाह्यलं, पन तू कोनाले सांगू नोको. म्हने, बाईनं आपल्या पोरीले, मालूले, सोताच्या घरी शिकवून मॅट्रिक काढून देल्लं, फुकट." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे प्रत्येक शब्द वर्गाच्या खिडकीपर्यंत ऐकू जात होता. "खरं हाय ते. देल्लं तुमी. मी नाही म्हनत नाही. पन त्याचं असं फेडाचं का बाई? घर सोडून?"

"नाही," लीलाबाई म्हणाल्या.

"मंग तुमी तिथं उभ्या व्हत्या न. काहून नाही बोलल्या?"

खिडकीत दोन-तीन वेण्या दिसल्या आणि मागे सरल्या. "साहेब गेले का?" लीलाबाईंनी विचारलं.

"चारच्या गाडीनं जाते म्हनत व्हता. रेस्ट-हाऊसवर जेवते."

सव्वातीन झाले होते. लीलाबाईंनी वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवला. त्या सायकलवर बसल्या. भागाबाईला पायी येऊ दिलं, याचंही त्यांना अर्ध्या वाटेत वाईट वाटलं, पण त्या थांबल्या नाहीत.

तळेले विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर बूट घालत होता. अहवाल त्याच्या बॅगेत बंद झालेला होता.

"त्या दिवशी पाऊस झाला होता," लीलाबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मी गेले नव्हते. शून्य मी घरून लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाटलीत तीस पूर्णांक सहा होते. मी ते ओतून टाकलं."

तळेलेनं बुटाची नाडी सोडली. "बसा ना मॅडम."

"नको. तुमच्या तक्त्यात तापमान पाहा. तीनला तेहतीस, चारला चोवीस. आर्द्रताही वाढली असेल. यंत्र बरोबर आहे. सुकलालनं पाणी घातलं नव्हतं."

"पण तो तर कबूल झाला."

"माझ्यासाठी झाला."

तळेलेला राग आला नव्हता. तो अवघडला होता, जसं एखाद्याच्या घरी भलत्या वेळी आत शिरल्यावर माणूस अवघडतो. "मॅडम, एक दिवस आहे. दसरा. कुणाकडूनही होतं. मी नरसाळ्यात कचरा अडकला होता एवढंच लिहितो. त्याचंही नाव नको, तुमचंही नको."

लीलाबाईंना क्षणभर ते इतकं हवंहवंसं वाटलं, की त्यांनी कठडा धरला. "मग एकतीस चूक ठरेल," त्या म्हणाल्या. "पाऊस पडला होता."

"बरं." त्यानं बॅग उघडून कोरा कागद काढला. "मग तुमच्या हातानं लिहून द्या. आणि विचारणारच म्हणून विचारतो. असे आणखी किती दिवस?"

त्यांनी पेन हातात घेतलं. गोवराचा दिवस लिहिला. सासऱ्यांच्या श्राद्धाचा एक, पण कुठल्या वर्षीचा? पंक्चरचा दिवस श्रावणातला की भाद्रपदातला? बारा असतील. वीसही असतील. त्यांनी डोळे मिटून वहीची पानं आठवून पाहिली. एकापाठोपाठ एक, शाईची, स्वच्छ पानं. सगळे आकडे सारख्याच अक्षरात, शेजारच्या आकड्याशी जुळणारे, एकही खुपणारा नाही. पाच हजार दिवसांतून ते वीस कुठले, हे त्यांना स्वतःलाच ओळखता येत नव्हतं. त्यांनी ते काम इतकं चांगलं केलं होतं.

'संख्या सांगता येत नाही,' त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली. तळेलेची चारची गाडी चुकली.

रात्री जेवताना त्यांनी मधुकररावांना सांगितलं. ते बराच वेळ भात कालवत राहिले. "तार मी केली होती," ते शेवटी म्हणाले. "माझंही नाव घालायचं होतंस."

"आकडे मी सांगितले होते," लीलाबाई म्हणाल्या.

महिन्याभरानं इंदूरहून उत्तर आलं. त्यात स्तुती नव्हती. यंत्र जागेवर राहील. चौकीदारावर कारवाईचं कारण उरलेलं नाही. या केंद्राच्या चौदा वर्षांच्या हातानं केलेल्या नोंदी पुढील तपासणी होईपर्यंत कुठल्याही सरासरीत धरू नयेत. नवा निरीक्षक मिळेपर्यंत श्रीमती महाजन यांनी काम चालू ठेवावं, मात्र प्रत्येक नोंदीवर चौकीदारानं स्वतः पाहून सही करावी.

पत्र अधीक्षकांनी सर्वांसमोर मोठ्यानं वाचलं. सुकलाल ऐकून घराकडे निघून गेला. त्याला आनंद झालेला दिसला नाही. साहेबासमोर आपण खोटं बोललो हे आता सगळ्या रोपवाटिकेला कळलं होतं, आणि ज्यांच्यासाठी बोललो त्यांनीच ते कळवलं होतं. भागाबाईनं लीलाबाईंना त्यानंतर चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला तो कुंपणाशी आला. अंगात धुतलेला सदरा होता. लीलाबाईंनी पेटीची झडप उघडली, कोरडा तापमापक वाचला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला वाचला, आकडे लिहिले आणि वही त्याच्यापुढे धरली.

सुकलालनं पेन घेतलं आणि वहीकडेच पाहत म्हणाला, "कुठं करू सही?"

"आधी आकडा पाहा."

"तुमी पाह्यला न बाई."

"तुम्हाला पाहायचाय. पत्रात तसं आहे."

"मले काय त्यातलं समजते? चौथी शिकेल मानूस मी." तो कुंपणापलीकडे पाहू लागला. "राहू द्या न. मी करतो सही. कोन इचारते?"

लीलाबाई बाजूला सरकल्या आणि त्यांनी झडप त्याच्यासाठी धरून ठेवली. शाळेची वेळ होत आली होती. सुकलाल नाइलाजानं वाकला. त्याची मान आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पाऱ्याची रेघ बारीक असते, सवय नसलेल्या डोळ्याला ती सापडतच नाही. लीलाबाई काही सुचवायला गेल्या नाहीत. त्या झडप धरून कडेला उभ्या राहिल्या, परीक्षेत मुलगी फळ्यापुढे उभी राहते तशा, आणि आतून त्याच्या रेघा मोजण्याचा आवाज येत होता, सतरा, सतरा आन् एक, सतरा आन् दोन.